ग्रीक अक्षरांच्या नऊ संघटना : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या, ग्रीक अक्षरांची नावे असलेल्या नऊ संघटनांवरील, म्हणजे फ्रॅटर्निटी (मुलांच्या संघटना) आणि सॉरॉरिटी (मुलींच्या संघटना) यांच्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि न पटलेले स्पष्टपणे कळवलेत, याबद्दल आभारी आहे. वर्णभेदाने पोळलेल्या माणसांनी पुन्हा वर्णाच्याच पायावर संघटना उभारणे ही विसंगती आहे, कॉलेजातील हौशी मंडळांना मी चळवळीचे मोठेपण बहाल केले आहे, आणि या मंडळांत होणाऱ्या छळाचा विषय मी एका वाक्यात गुंडाळला आहे, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपण विचारले आहे की, या विषयाशी मराठी वाचकाचा संबंध काय?

छळाविषयीचा आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. आपल्याकडे रॅगिंग म्हणतात त्याच्याशी मिळताजुळता, तरीही एका बाबतीत वेगळा असा हा प्रकार आहे. रॅगिंग कोणत्याही नव्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. येथे मात्र संघटनेत येण्याची स्वतःहून इच्छा धरणाऱ्या तरुणाला ‘पात्रता’ सिद्ध करण्यासाठी मारहाण सहन करावी लागते, आणि त्याच्या त्या इच्छेचाच गैरफायदा घेतला जातो. १९८९ मध्ये अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजातील एक विद्यार्थी अशा प्रवेशविधीदरम्यान मरण पावला. त्यानंतर १९९० मध्ये या संघटनांनी ‘प्लेजिंग’ची, म्हणजे सभासद होण्यापूर्वीच्या उमेदवारीची, जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली, परंतु बंदी कागदावर आली तेव्हा जे पूर्वी निदान उघड्यावर चाले ते बंद खोल्यांत गेले, आणि त्यानंतरही तरुण मुले जिवाला मुकली आहेत. ‘आम्ही सोसले, तुम्हीही सोसा’ या वृत्तीला बंधुभाव म्हणता येणार नाही. ही वृत्ती मोडून काढण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्या सभासदांवर अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे. छळाखेरीज आणखीही दोष आहेत. फिक्या वर्णाच्या मुलींना काही शाखांत झुकते माप मिळत असे, अशा आठवणी अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांनी सांगितल्या आहेत. हॉवर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी तर कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेच्या हव्यासावर १९५० च्या दशकातच कठोर टीका केली होती. हे सारे माझ्या लेखात यायला हवे होते.

‘हौशी मंडळे’ हा शब्द मात्र मला मान्य करता येत नाही. या नऊ संघटनांपैकी पहिली, अल्फा फाय अल्फा, ४ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात सात विद्यार्थ्यांनी स्थापन केली. त्याच्या आदल्या वर्षी तेथे शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षासाठी परतलेच नव्हते. मूठभर मुलांमधून सहा जण गळाले, तर मागे राहिलेल्यांना काय वाटले असेल याची कल्पना करावी. टिकून राहायचे असेल तर एकमेकांचा हात धरायला हवा, या जाणिवेतून आधी अभ्यासमंडळ आणि मग फ्रॅटर्निटी आकाराला आली. इंडियाना विद्यापीठात १९११ मध्ये कप्पा अल्फा साय निघाली तीही अशाच एकाकीपणातून. १९२२ मध्ये इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठात सात शिक्षिकांनी सिग्मा गॅमा रो सुरू केली, तेव्हा त्या राज्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा दरारा होता. आपण लिहिले आहे की, या साऱ्या संघटना ‘कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र कॉलेजांत’ जन्मल्या. वस्तुतः पाच वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आणि एक, १९६३ मधील आयोटा फाय थीटा, बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेटमध्ये निघाली, परंतु वर उल्लेखिलेल्या तिन्ही गोऱ्यांचे बहुमत असलेल्या विद्यापीठांतल्या आहेत. आपली गैरसमजूत माझ्याच एका ढिल्या वाक्यामुळे झाली असणार.

या संघटनांचे खरे वेगळेपण असे की, येथील सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही. गावोगावच्या पदवीधर शाखांत डॉक्टर, वकील, शिक्षिका, परिचारिका पुढे आयुष्यभर काम करत राहतात. डेल्टा सिग्मा थीटाची स्थापना हॉवर्डमधील २२ विद्यार्थिनींनी १३ जानेवारी १९१३ रोजी केली आणि त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते तोच, ३ मार्चला, या विद्यार्थिनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चात सहभागी झाल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मोर्चाच्या शेवटी चालावे असा आयोजकांचा प्रयत्न असतानाही त्या गेल्या. अल्फा कप्पा अल्फा या सॉरॉरिटीच्या सभासदांनी १९३५ ते १९४२ या काळात दर उन्हाळ्यात मिसिसिपीतील कापूसमळ्यांवर आरोग्यसेवा पोहोचवली, डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरबी त्या मोहिमेच्या वैद्यकीय प्रमुख होत्या. मळेवाले आपल्या मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात, तेव्हा या स्त्रियांनी मोटारी औषधांनी भरून दवाखानाच मळ्यांवर नेला आणि मुलांना देवी व घटसर्पाच्या लसी टोचल्या. स्वतःची सुटी घालवून केलेल्या या कामाला हौस म्हणणे मला जड जाते.

रेल्वेच्या भोजनडब्याचा खटला तर मला विशेष महत्त्वाचा वाटतो. दक्षिणेकडील एका रेल्वेत कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी भोजनडब्यात वेगळे टेबल ठेवून मध्ये पडदा ओढला जात असे. एल्मर हेंडरसन यांनी १९४२ मधील अशाच अनुभवावरून दाद मागितली, बेलफर्ड लॉसन यांनी त्यांची बाजू मांडली, आणि ५ जून १९५० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पडदा बेकायदा ठरवला. लॉसन त्या वेळी अल्फा फाय अल्फाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि संघटना या खटल्याच्या पाठीशी उभी होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल आणि नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग हेही याच संघटनेचे सभासद. वॉशिंग्टनमध्ये २०११ साली लोकांसाठी खुले झालेले किंग यांचे स्मारक उभे राहिले तेसुद्धा या संघटनेने दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्यामुळे.

आता विसंगतीविषयी. वर्णावरून वगळण्यासाठी काढलेली संघटना आणि वर्णावरून वगळले गेल्यामुळे काढावी लागलेली संघटना या दोन्ही आपण एकाच मापाने मोजता, तेथे माझा मतभेद आहे. गोऱ्यांच्या अनेक फ्रॅटर्निटींच्या नियमावलीत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी लेखी अट दुसऱ्या महायुद्धानंतरही कायम होती. याउलट अल्फा फाय अल्फाने १९४० च्या दशकातच आपले दार सर्व वर्णांना खुले केले, आणि अल्फा कप्पा अल्फाने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या गोऱ्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना मानद सभासदत्व दिले. आज कोणत्याही वर्णाची व्यक्ती या नऊपैकी कोणत्याही संघटनेत जाऊ शकते. बहुसंख्य सभासद कृष्णवर्णीय आहेत, कारण जो वारसा या संघटना जपतात तो त्यांचा आहे; त्यात कोणाला हीन लेखण्याचा भाग मला दिसत नाही. आपल्याला दिसत असल्यास, कोणत्या नियमात किंवा कोणत्या घटनेत दिसतो, ते अवश्य लिहावे.

मराठी वाचकाचा संबंध आपण विचारलात. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉईस यांना पत्र लिहिले. भारतातील अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास केवळ स्वाभाविकच नव्हे, तर आवश्यक आहे, असा त्याचा आशय होता. संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. ड्यूबॉईस यांनी त्याच वर्षी जुलैअखेरीस सहानुभूतीचे उत्तर पाठवले. हे ड्यूबॉईसही अल्फा फाय अल्फाचेच सभासद. बाबासाहेबांना जो अभ्यास आवश्यक वाटला, तो मराठीत करताना मला संबंध शोधावा लागला नाही.

मूळ लेखातील जन्मस्थानांविषयीचे ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. छळाविषयीचा स्वतंत्र भाग या आठवड्यात लिहून लेखाच्या मध्यावर घालते आहे, तळटीप म्हणून नाही. तो वाचून आपल्याला काही अपुरे वाटले, तर कृपया पुन्हा लिहावे.