आठ वाट्या आणि एक दावा

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात लघुसंशोधन प्रकल्प सक्तीचा झाला, तेव्हा मी मोठ्या उमेदीने ‘कोल्हापूरच्या खाद्यसंस्कृतीतील स्थित्यंतरे : शाहूकाळ ते आजतागायत’ असा विषय लिहून दिला. मार्गदर्शक बाईंनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि अतिशय मृदू आवाजात त्या म्हणाल्या, “तुमची पेन्शन सुरू होईल, पण दुसरं प्रकरण संपणार नाही.” त्यानंतर विषय आटत गेला. खाद्यसंस्कृतीवरून मी मिसळीवर आले, मिसळीवरून चटणीवर, आणि तिथेही बाईंचे समाधान होईना. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही आणि जे आपल्या मताविरुद्धही येऊ शकते, असा एकच प्रश्न घेऊन या, असे त्यांनी बजावले.

असा प्रश्न आमच्या घरात दर उन्हाळ्यात जेवायला बसतो. कांडपावर कांडलेली कांदा-लसूण चटणी आणि मिक्सरमध्ये फिरवलेली चटणी यांतला फरक आपण जिभेवर ठेवताच ओळखतो, असा माझे सासरे आप्पा यांचा दावा आहे. मिक्सरच्या पात्याने चटणी तापते आणि तिचा वास मरतो, हे त्यांचे त्यामागचे शास्त्र. या दाव्यापायी वर्षभराची चटणी कांडून आणण्यासाठी भर एप्रिलात कांडपाच्या दारात शिंकत रांगेत उभे राहण्याचे काम मात्र माझ्याकडे असल्यामुळे या संशोधनात माझा हितसंबंध गुंतलेला होता, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

बाईंना विषय एकदम पसंत पडला, कारण त्याला फार थोर पूर्वज निघाला. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात एका विदुषीने असाच दावा केला होता, की कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळते. तिथले संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी 1935 च्या आपल्या पुस्तकात त्यावर प्रयोगाची आखणी मांडली : आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे 70 प्रकार होतात, त्यामुळे निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. चहाच्या जागी चटणीचा कट घातला की आमचा प्रकल्प तयार, असे मला वाटले.

प्रत्यक्षात आखणी हेच खरे काम निघाले. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरे, धणे, तीळ, लसूण हे सगळे एकदाच भाजून त्याच मालाचे दोन भाग केले. एक कांडपावर गेला, दुसरा मिक्सरमध्ये. दाण्याच्या जाडीवरून ओळख पटू नये म्हणून दोन्ही चटण्या एकाच चाळणीने चाळल्या आणि एकाच मापाने कट केला. रंगावरून कळू नये म्हणून आप्पांच्या डोळ्यांवर उपरणे बांधायचे ठरले. क्रम माझ्या मुलीने चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि मलाही सांगितला नाही, कारण भाजीत मीठ विसरले की आप्पांना ते माझ्या “वाढू का?” एवढ्यावरूनच कळते.

मग दुधाचा प्रश्न आला. मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पण दुधातील प्रथिन त्याला उचलून नेते; म्हणून दोन वाट्यांच्या मध्ये घोटभर दूध आवश्यक होते. आप्पा उखडले. “चटणी खाऊन वर दूध प्यायला मी काय पुण्याचा हाय?” विज्ञानाचा एकही मुद्दा चालेना. शेवटी मुलीने गंगावेशीच्या कट्ट्यावरून, समोर म्हशीची धार काढून देतात ते दूध आणले आणि पैलवान पितात तेच हे, असे सांगितले, तेव्हा त्यांनी ते विज्ञानासाठी नव्हे तर तालमीसाठी स्वीकारले.

प्रयोगाच्या दिवशी शेजारच्या काकू सूचक खोकू लागल्यामुळे त्यांना प्रयोगशाळेतून, म्हणजे सोप्यातून, बाहेर काढावे लागले. आप्पांनी पहिल्या तीन वाट्या सफाईने निकालात काढल्या. चौथीपाशी ते थांबले. चमचा ओठांत तसाच धरून त्यांनी कट जिभेवरून टाळूला नेला, नाकाचा शेंडा लाल झाला, उपरण्याच्या कडेखालून घामाचा एक ओघळ मिशीपर्यंत आला, आणि ते म्हणाले, “ह्यात खोबरं जरा करपलंय.” खोबरे आठही वाट्यांत एकाच कढईतले होते. सहाव्या वाटीअखेर त्यांच्या चार ‘कांडपाच्या’ पूर्ण झाल्या, तेव्हा उरलेल्या दोन हिशेबानेच मिक्सरच्या, त्या उगाच कशाला खायच्या, असा बिनतोड युक्तिवाद करून त्यांनी उपरणे सोडले.

आठांपैकी सहा बरोबर आल्या. “पंच्याहत्तर टक्के! डिस्टिंक्शन!” असे जाहीर करून आप्पांनी काकूंकरवी गल्लीत निकाल पोहोचवला. मी मात्र कागद घेऊन बसले. केवळ अंदाज केला तरी इतके किंवा याहून चांगले यश सत्तरांत सतरा वेळा, म्हणजे जवळजवळ चारात एकदा मिळते. संशोधनात अशा योगायोगाला सर्वसाधारणपणे वीसात एकदा इतकीच सूट देतात. बारा वाट्या घेतल्या असत्या, तर एकीची अदलाबदल होऊनही दावा टिकला असता, पण बाराव्या वाटीपर्यंत जीभ टिकली नसती. तेव्हा मी लिहिले, की उपलब्ध पुराव्यावरून दावा सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

आप्पांनी अहवाल मन लावून वाचला. “म्हणजे कुस्ती बरोबरीत सोडवलीस? खासबागेत असं केलं तर लोक पंचाला मैदानाबाहेर येऊ देत नाहीत.”

सादरीकरणाला दहा मिनिटे होती. परीक्षकांनी आधी “नमुना किती?” असे विचारले आणि “एक सासरे” हे उत्तर ऐकून बराच वेळ माझ्याकडे पाहिले. दावा एका माणसाचा असेल तर तपासायचाही तोच माणूस, हे मला त्यांना दोनदा समजावून सांगावे लागले. तिखट ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, लागते तीच साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णताही ओळखते, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळीही 43 फुटांचीच आहे, हा योगायोग सांगितल्यावर वर्ग पहिल्यांदा जागा झाला. संशोधनाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. नेमकी तीच गोष्ट सगळ्यांनी वहीत उतरवून घेतली.

निष्कर्ष ऐकून परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “शिफारशींचा रकाना रिकामा आहे,” ते म्हणाले. पुरावाच पुरेसा नसताना शिफारस कसली करणार, असे मी नम्रपणे विचारले. त्यांनी दोन गुण कापले, सही केली, शेजारचे सहकारी उठून जाईपर्यंत कागद चाळल्यासारखे केले, आणि मग माझ्याच मूल्यमापन पत्रिकेची मागची बाजू पुढे सरकवून खालच्या आवाजात म्हणाले, “त्या कांडपाचा पत्ता तेवढा इथं लिहून द्या.”