बल्ब गेला, पण कशामुळे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

तुम्ही प्रतिक्रियेत वय ७१ लिहिलंत, म्हणून काका म्हणतो.

एलईडी बल्बची बाजू घेणारा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गॅलरीतला ९ वॉटचा बल्ब ८ महिन्यांत गेला, खोक्यावर मात्र २५,००० तास छापलेले. जुना पिवळा बल्ब वर्षानुवर्षं चालायचा. हा पांढरा उजेड दवाखान्यासारखा वाटतो. आणि हा सगळा कंपन्यांचा धंदा असून मी त्याची जाहिरात करतोय. जाहिरातीचा एक रुपयाही मी घेतलेला नाही. पण बल्ब लवकर जातात ही तक्रार खरी आहे आणि ती माझ्या लेखात यायलाच हवी होती.

आमच्या स्वयंपाकघरातलाही असाच गेला होता. फेकण्याआधी मी त्याची पांढरी टोपी स्क्रू ड्रायव्हरने उचकटली. आत ॲल्युमिनियमची गोल चकती आणि तिच्यावर पिवळ्या चौकोनी टिकल्या, म्हणजेच प्रत्यक्ष उजेड देणारे एलईडी. त्यांतल्या एका टिकलीच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता. या टिकल्या दिवाळीच्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जळली की सगळा बल्ब बंद. बाकीच्या टिकल्या धडधाकट होत्या. कधी टिकल्या शाबूत असतात आणि खाली टिकल्यांना हवी तशी वीज पुरवणारं जे सर्किट असतं, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगलेला सापडतो.

दोन्हींचा मोठा शत्रू एकच, उष्णता. आमचा बल्ब छताला चिकटवलेल्या बंद काचेच्या ग्लोबमध्ये होता. तो ग्लोब बसवला तेव्हा आत पिवळा बल्ब असायचा. त्याची तार दोन हजार अंशांच्या वर तापते, काच आणि धातूशिवाय त्यात फारसं काही नसतं, त्याला कोंडलेल्या हवेचं काय! एलईडी त्यापेक्षा कितीतरी कमी तापतो, पण जी उष्णता होते ती टिकल्यांच्या मागे, बुडाकडे साठते आणि तिथेच तो नाजूक ड्रायव्हर बसलेला असतो. बल्ब बदलला, त्याचं घर मात्र जुनंच राहिलं. मी ग्लोब काढून साधा उघडा होल्डर लावला. त्यातला बल्ब आज चौथ्या वर्षात आहे.

आता जुन्या बल्बचं. तो वर्षानुवर्षं चालायचा असं आपल्याला आठवतं, पण त्याचं ठरलेलं आयुष्य १,००० तासांच्या आसपास होतं. रोज ५ तास धरले तर २०० दिवस. आणि कंपन्यांच्या धंद्याचंच म्हणाल, तर १९२४ मध्ये जगातल्या बड्या बल्ब उत्पादकांनी जिनिव्हात एकत्र येऊन हे आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं होतं. फीबस कार्टेल म्हणतात त्याला. उलट आपल्याकडे स्वस्त एलईडी बल्ब देणाऱ्या सरकारी उजाला योजनेसाठी बल्बच्या खरेदीचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये चाळिशीच्या आत आला.

तुमच्या गेलेल्या बल्बचाच हिशेब करू. ८ महिने, रोज ५ तास, म्हणजे १,२०० तास. तिथे ६० वॉटचा पिवळा असता तर ७२ युनिट जळाले असते. याने ११ सुद्धा घेतले नाहीत. ८ रुपये युनिट धरलं तरी पावणेपाचशेच्या वर वाचले. बल्ब अकाली गेला हे वाईटच, पण जाताना आपली किंमत फेडून गेला.

तुम्ही देवघरातल्या झिरोच्या बल्बचं कौतुक केलंत. काका, तो झिरोचा बल्ब झिरो नव्हता. १५ वॉटच्या आसपास घ्यायचा. रात्रभर १० तास जळला तर वर्षाला ५४ युनिट! हॉलमध्ये रोज ५ तास लागणारा ९ वॉटचा एलईडी वर्षाला १६-१७ युनिट घेतो. माझी आजी झिरोचा बल्ब लावून झोपायची, त्यामुळे त्या लाल उजेडावर माझाही जीव आहे. अर्ध्या वॉटचा लाल नाइट लॅम्प मिळतो, तो लावून बघा.

पांढऱ्या उजेडाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० केल्विनचा देतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). ‘वॉर्म व्हाइट’ मागा, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन बघा. वीज जवळजवळ तेवढीच लागते आणि जेवणाच्या ताटावर, माणसांच्या चेहऱ्यावर तोच ओळखीचा पिवळसर उजेड पडतो.

गॅलरीतला बल्ब टाकला नसेल तर त्याच्या बुडाशी बघा, दुकानदाराने मार्करने तारीख लिहिलेली असेल. बहुतेक बल्बना वर्षाची तरी वॉरंटी असते, ८ महिन्यांत गेलेला बदलून मिळायला हवा. आणि तो बंद शेडमध्ये होता का, तेवढं कळवा.