‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

स्पष्टवक्ते, नमस्कार.

‘एचडी फाइल घरच्या टीव्हीवर कशी लावावी’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. “सहा ओळींना कुठे उत्तर देत बसता,” असं घरातून सांगण्यात आलं. तरी देतोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात तुमचं म्हणणं: फॅट32 (पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची एक जुनी पद्धत) बद्दल मी चुकीचं लिहिलंय. टीव्हीवर चित्र येतं पण आवाज येत नाही, अशा वेळी अख्खी फाइल हँडब्रेकमधून (व्हिडिओ फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारा प्रोग्रॅम) काढायचा माझा सल्ला म्हणजे वेळेचा आणि चित्राचा सत्यानाश आहे, नुसता आवाजाचा ट्रॅक बदलला की भागतं. नेटवर्कवरून फाइल चालवण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: “काका, पेनड्राइव्ह खुपसता आला म्हणजे तंत्रज्ञान कळलं असं नसतं.”

आधी चूक कबूल करून टाकतो, म्हणजे मी आडमुठा आहे असं कुणाला वाटायला नको. ‘फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह चालत नाही’ असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. पेनड्राइव्ह 32 जीबीचा असला तरी चालतो, त्यातली एकेक फाइल 4 जीबीच्या आत हवी. लिहिण्याच्या भरात झालं. मात्र तुम्ही जे ‘4 जीबीची फाइल बसते’ म्हणालात, तेही काटेकोरपणे बघितलं तर बरोबर नाही. एक बाइट कमी लागतो. असो.

आता ‘काका’. काका म्हणण्याला माझी हरकत नाही, आमच्या अपार्टमेंटमधली सगळी पोरं काकाच म्हणतात. पण ती जिन्यात भेटल्यावर म्हणतात, तुम्ही वाक्याच्या सुरुवातीला टपली मारल्यासारखं म्हटलंत. आणि ‘खुपसता’? पेनड्राइव्ह लावतात, जोडतात, फार तर घालतात. खुपसतात तो सुरा.

तर तंत्रज्ञान कळण्याबद्दल. 1987 साली सांगलीत आमच्या वाड्यात भाड्याचा व्हीसीआर यायचा. अनामत भरायची, सायकलरिक्षातून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, एका रात्रीत तीन कॅसेटी संपवायच्या आणि सकाळी दहाच्या आत परत. तो जोडायला वाड्यातले मोठे लोक मला हाक मारायचे, मी तेव्हा दहावीला होतो. चित्रावर मुंग्या आल्या की हेड साफ करायचं, पट्टा आला की ट्रॅकिंगची कळ केसभर फिरवायची, हे माझं काम. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आत्येभावाने आपल्या लग्नाची कॅसेट पाठवली. वाड्यातली वीस-पंचवीस माणसं चहा घेऊन बसली, आणि पडद्यावर काळंपांढरं चित्र खालून वर, खालून वर पळतंय. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कॅसेट ठणठणीत होती, व्हीसीआर ठणठणीत होता. पण टीव्हीच्या चित्राची तिकडची पद्धत एनटीएससी, 525 रेषांची आणि 60 हर्ट्झची, इथली पाल, 625 रेषांची आणि 50 ची. वस्तू हातात आहे म्हणजे ती आपल्या पडद्यावर दिसेलच असं नाही, हे मला त्या रात्री कळलं. तुम्ही तेव्हा जन्मला होतात का, हे विचारणार नव्हतो, पण विचारतो.

पुढे व्हीसीडी आली, एक सिनेमा दोन चकत्यांवर, ऐन रंगात आला की उठून चकती बदला. मग डीव्हीडी. मग यूएसबीचं भोक असलेला टीव्ही. हे सगळं मी स्वतःच्या हातांनी जोडलेलं आहे, कुणाच्या व्हिडिओत बघून नाही.

आणि तो लेख मी हौस म्हणून लिहिला नव्हता. गेल्या वर्षी भाच्याचं लग्न झालं. फोटोवाल्याने 50 मिनिटांची फाइल दिली, 11 जीबीची, म्हणजे सेकंदाला साधारण 29 मेगाबिट. माझा पेनड्राइव्ह फॅट32, तो फाइल घेईना. मोठ्या फाइली घेणाऱ्या एक्सफॅट पद्धतीचा केला तर आमच्या जुन्या टीव्हीला दिसेना. एनटीएफएस या तिसऱ्या पद्धतीचा केला, दिसला. आई खुर्ची पुढे ओढून बसली. चित्र असं स्वच्छ, की अंतरपाटावरच्या स्वस्तिकाचे टाके मोजावेत. आवाज मात्र शून्य. कॅमेऱ्याने आवाज कच्च्या पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता जसाच्या तसा, ठेवला होता आणि टीव्हीला तो वाचता येत नव्हता. मी रिमोटशी झटापट करतोय, आणि आई मागे मुक्या पडद्याकडे बघत स्वतःच मंगलाष्टकं म्हणायला लागली. अक्षता उडाल्या की थांबायची, पुन्हा सुरू करायची. त्या रात्री फाइल हँडब्रेकला लावली, लॅपटॉप जुना, सकाळी सात वाजता संपली. साडेसातला आईने आवाजासकट लग्न बघितलं. यात ‘सत्यानाश’ कुठे झाला ते सांगा.

हँडब्रेक चित्र पुन्हा एन्कोड केल्याशिवाय, म्हणजे नव्याने दाबून बसवल्याशिवाय, सोडत नाही, हे मला माहीत आहे. पण त्याला खिडकी आहे, बटणं आहेत. आवाजाचा ट्रॅक बदलायला तुम्ही सुचवलेल्या एफएफएमपेग या प्रोग्रॅमला काळ्या पडद्यावर ओळ टाइप करावी लागते, ‘चित्र जसंच्या तसं, आवाज एएसी (टीव्हीला सहसा कळणारा प्रकार)’ अशा अर्थाची. माझे वाचक निवृत्त बँकवाले आहेत, शाळेतल्या बाई आहेत. त्यांना ती ओळ देऊन बघा, आणि एखादी जागा चुकून सुटली की त्यांचे फोन तुम्ही घ्या. शिवाय चित्रच टीव्हीला पेलत नसेल तर? एच.264 या नेहमीच्या पद्धतीचं चित्रीकरण, पण रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या 10 बिट, 4:2:2 प्रकारातलं असेल तर बहुतेक टीव्ही हात वर करतात. तिथे तुमची ओळ काय करणार? चित्र पुन्हा एन्कोडच करावं लागतं. आमच्या फाइलचं तसं नव्हतं, पण एखाद्याचं असू शकतं.

तुमची ओळ मी काल रात्री त्याच फाइलवर चालवून पाहिली. चार मिनिटांत झालं. पण प्रश्न चार मिनिटांचा नाहीच आहे, प्रश्न कुणाशी कसं बोलावं याचा आहे. हीच ओळ तुम्ही ‘काका, असंही करून बघा’ म्हणून दिली असतीत तर मी तुमचे आभार मानून लेखात टाकली असती. आता इच्छा होत नाही.

नेटवर्कचं म्हणाल तर लेखाचं नाव परत वाचा, त्यात नेटवर्क कुठेही नाही. तरी सांगतो: बऱ्याच टीव्हींचं लॅनचं (नेटवर्कची वायर लावायचं) भोक सेकंदाला 100 मेगाबिटचंच असतं. ब्लू-रेचं चित्र 40 च्या वर जात नाही म्हणून त्यातून निघून जातं, 4के डिस्क 128 पर्यंत जाऊ शकते, ती अडखळते. आमचा राउटर जिन्याखाली आहे, वायफायची कथा वेगळी. सवड झाली तर लिहीन.

देवनागरी सबटायटलमध्ये वेलांट्या निखळून पडतात त्यावर तुम्ही जी टिंगल केलीत, तिला उत्तर देत नाही.

लेखात एक दुरुस्ती केली आहे: तिसऱ्या परिच्छेदात ‘पेनड्राइव्ह’च्या जागी ‘फाइल’ असं वाचावं. बाकी लेख आहे तसाच राहील.