अर्ध्या श्लोकाचा फॉरवर्ड

‘मुलांना विचारत बसू नका, सांगा!’ हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. मी सोडून देत होतो. परवा तो आमच्या दादानेच घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याच रात्री पुतणीचा अकरावीचा पसंतीक्रम तिला न विचारता भरला. सगळीकडे सायन्स. पोरीला आर्ट्सला जायचंय.

फॉरवर्डचा सगळा डोलारा चाणक्यावर. ‘दश वर्षाणि ताडयेत्’, दहा वर्षं धाकात ठेवा, हे ठळक अक्षरांत. अहो, पुढची ओळ कुठे गेली? ‘प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्.’ पाच वर्षं लाड, दहा वर्षं धाक, आणि सोळावं लागलं की मित्रासारखं वागा. अकरावीला निघालेली पोर नेमकी त्याच उंबरठ्यावर असते! श्लोक तोडणाऱ्याला तो येत नव्हता, किंवा चांगलाच येत होता. (‘ताडयेत्’वरून माझं चाणक्याशीही भांडण आहे, पण ते पुन्हा कधी.)

‘डिप्रेशन वगैरे थेरं आहेत, दोन ठेवून दिल्या की उतरतं.’ हे वाचून मात्र डोकं फिरलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळले. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार. त्या चौघांनाही ठेवून द्यायच्या? झोप उडालेलं, जेवण तुटलेलं पोर माराने बरं होत नाही. ते फक्त सांगायचं थांबतं, आणि आईबापांना वाटतं, उतरलं. त्यापेक्षा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फॉरवर्ड करा.

‘आजोबांना कुणी विचारलं होतं?’ नव्हतं विचारलं. आमच्या आजोबांना चित्रं काढायची होती, हे तेराव्यानंतर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा कळलं.

‘विचारलं की डोक्यावर बसतात.’ बरं, यात थोडं तथ्य आहे. पंधराव्या वर्षी पुढचा-मागचा विचार पिकलेला नसतो; फी किती झेपेल, कर्ज काढायचं का, हे पोरांच्या मर्जीवर सोडता येत नाही. पण मत विचारलं म्हणजे घराच्या किल्ल्या दिल्या असं होत नाही. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं १२वं कलमही एवढंच म्हणतं: मुलाचं ऐका, आणि वय नि समज पाहून त्याला वजन द्या.

दादा, तू हे वाचशीलच. पसंतीक्रम बदलायची मुदत परवापर्यंत आहे. पासवर्ड तुझ्याकडे आहे, आज रात्री तिला शेजारी बसवून फॉर्म उघड.