पचमढीचा आराम

ज्या सुट्टीसाठी आधी नवीन बूट घ्यावे लागतात ती आरामाची सुट्टी नसते, हे मी इंदूरला राजवाड्याजवळच्या दुकानातच सांगून टाकलं होतं. पण आमच्या ह्यांच्या मनगटावर नवीन घड्याळ आलंय ना, ते पावलं मोजतं, झोप मोजतं आणि मधूनच थरथरून "उठा, चाला" म्हणतं, म्हणजे सासूबाई गावी गेल्यापासून घरात जी जागा रिकामी होती ती भरली. तर ठरलं पचमढी. सातपुडा, सालाचं जंगल, धबधबे आणि "रिलॅक्सिंग हायकिंग". माझा आराम म्हणजे सकाळी पोहे-जलेबी, दुपारी झोप, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली, आणि यातलं एक पण डोंगरावर मिळत नाही.

रेल्वेने पिपरिया आणि तिथून 50 एक किलोमीटर टॅक्सी. घाटात माझं सगळं लक्ष सेव आणि जीरावनच्या, म्हणजे आमच्या पोह्यांवरच्या मसाल्याच्या, पिशवीवर. हॉटेलच्या दारात उतरलो आणि पहिल्याच मिनिटाला माकडाने सेव नेली. जीरावन मात्र हुंगून परत फेकलं, बेअक्कल कुठलं!

ह्यांनी "शांत असतं" म्हणून शोधलेली तारीख निघाली महाशिवरात्रीच्या आठवड्यातली. अर्धा विदर्भ तिथे. एवढं मराठी तर मी आमच्या रामबागेत पण ऐकत नाही हल्ली. बायसन लॉजला जिप्सी आणि परमिटची लाईन, तिथे गाइड सांगत होता की पचमढी कॅप्टन फोरसिथने शोधली. गोंड आणि कोरकू लोक तिथेच रहात होते की आधीपासून, पण ते साहेबाला सापडेपर्यंत हरवलेले होते म्हणे.

मग बी फॉल. धबधब्याचा प्रॉब्लेम असा की तो कायम खाली असतो, उतरताना माणूस हसत फोटो काढतो आणि चढून येताना ज्याने ही आयडिया काढली त्याचे फोटो डिलीट करतो. असो.

खरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, चौरागड, डोंगरावरचं शंकराचं मंदिर. महादेवाच्या गुहेपासून जंगलातून चालायचं आणि मग हजारावर पायऱ्या. लोक नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात, छोटे हातभर, मोठे पुरुषभर उंचीचे. मी एका वळणावर बसले होते, म्हणजे बसले काय, पायांनीच परस्पर निर्णय घेतला, तेवढ्यात एक आजी आल्या, नऊवारी, अनवाणी, खांद्यावर त्रिशूळ आणि टोकाला लिंबू.

"काऊन वं माय, बसून गेली? धर बरं हे जरा, मी लुगडं सावरतो."

मी धरलं. आजींनी लुगडं सावरलं, कनवटीची तंबाखू काढून मळली, दाढेत ठेवली, "हर हर महादेव" म्हणाल्या आणि चालायला लागल्या. रिकाम्या हाताने! मी "आजी, आजी, अहो तुमचं त्रिशूळ" करत मागे, त्या पुढे, आणि ते लोखंड काही कमी जड नव्हतं हो. ते तिथेच टाकून द्यायची पण सोय नाही, देवाचं ना. वर लोक बाजूला होऊन मला वाट देताहेत, बायका पाया पडताहेत, एकीने विचारलं, "ताई, काय नवस होता?" मला बोलायला श्वास नव्हता, तर मागून हे म्हणाले, "वजनाचा." (याचा हिशोब इंदूरला होईल.)

वर पोचले तर आजी भिंतीला टेकून भाकर खात बसलेल्या.

"आली का? बरं झालं. तुले बी पुण्य लागन."

मंदिराभोवती त्रिशूळांचे ढीगच्या ढीग, एकात एक अडकलेले, गंजलेले, नवे, त्यात आजींनी आमचं पण ठेवलं आणि मला अर्धी भाकर अन् ठेचा दिला. वर जीरावन भुरभुरलं. आजींनी चाखून बघितलं आणि पुडी सरळ कनवटीला लावली. माकडापेक्षा समज जास्त, हे मान्य करावं लागेल. घड्याळ मात्र अर्ध्या वाटेतच बंद पडलं होतं, त्यामुळे ह्यांच्या मते वरच्या पायऱ्या आम्ही चढलोच नाही, त्या परत मोजाव्या लागतील. मी फक्त बघितलं त्यांच्याकडे. विषय बंद झाला.

रात्रभर खोलीत "आई गं, आई गं" चालू होतं. मी नाही, हे. पहाटे साडेचारला जिप्सीवाला दार वाजवायला लागला, धूपगडचा सूर्योदय ह्यांनी आधीच बुक करून ठेवलेला. मी रजईतूनच ओरडले, "भैया, धूपगढ़ 1352 मीटर ऊंचा है, पूरे एमपी में सबसे ऊंचा, कहीं नहीं जाएगा, आप जाओ।"

बाहेरून आवाज आला, "ठीक है मैडम, पर पैसे पूरे लगेंगे।"

आणि रात्रभर ज्यांचा गुडघा वाकत नव्हता ते आमचे हे अंधारात उठून बुटाच्या नाड्या बांधायला लागले.