समुराई, बुशिदो आणि झेन: त्या फॉरवर्डमधलं काय काय खरं नाहीये

पंधरा दिवसांत एकच मेसेज तीन ग्रुपवर आलाय, सोबत तलवार उपसलेल्या माणसाचा फोटो. थोडक्यात मजकूर असा: समुराई, म्हणजे जपानचे योद्धे, हजार वर्षं बुशिदोच्या (‘योद्ध्याच्या वाटेच्या’) सात नियमांनी जगले, धन्याशी कधी बेइमान झाले नाहीत, झेन हा बौद्ध पंथ त्यांचा धर्म होता आणि झेनमुळेच त्यांना मरणाची भीती नव्हती, आपणही रोज सकाळी हे सात नियम वाचावेत. मी बरीच वर्षं जपानी शिकतोय, या इतिहासावर माझा जीव आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते सात नियम. न्याय, धैर्य, दया, विनय, सत्य, मान, निष्ठा ही यादी जवळपास जशीच्या तशी नितोबे इनाझो यांच्या पुस्तकातल्या प्रकरणांची आहे आणि ते पुस्तक १९०० साली, अमेरिकेत, इंग्रजीत निघालं. नितोबे समुराई घराण्यातले, पण शेतीशास्त्र शिकलेले, क्वेकर ख्रिश्चन, बायको फिलाडेल्फियाची. शाळेत धर्म शिकवत नाही तर मुलांना नीतिमत्ता कुठून येते, असं एका बेल्जियन विद्वानाने विचारलं होतं, त्याचं उत्तर म्हणून त्यांनी हे लिहिलं. तोवर समुराई हा वर्गच संपला होता, तलवार बाळगायची बंदी १८७६ लाच आली होती. बुशिदो हा शब्द त्याआधीचा आहे हे मान्य, पण सगळ्या समुराईंनी पाळलेली सात कलमांची एकच संहिता अशी काही नव्हती. जुन्या काळी तर ‘धनुष्य आणि घोड्याची वाट’ म्हणायचे, कारण रणांगणावर मुख्य हत्यार धनुष्य होतं, तलवार नंतर.

निष्ठेचं म्हणाल तर १६०० ची सेकिगाहाराची लढाई बघा. कोबायाकावा हिदेआकी हजारोंची फौज घेऊन मात्सुओ डोंगरावर बसून होता आणि ऐन लढाईत खाली उतरला तो आपल्याच बाजूच्या लोकांवर. लढाई तिथेच फिरली. त्या काळचा सगळ्यात बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा, त्याला १५८२ मध्ये होन्नोजी मंदिरात घेरलं ते त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने. सेकिगाहारानंतर हळूहळू शांतता आल्यावर निष्ठेचे धडे जास्त लिहिले गेले कारण आता लढाया उरल्या नव्हत्या.

“समुराईची वाट म्हणजे मरण” हे वाक्य पण फॉरवर्डमध्ये आहेच. ते यामामोतो त्सुनेतोमो या समुराईचं. हा माणूस आयुष्यात एकही लढाई लढला नाही. १७०० मध्ये धनी वारला तेव्हा त्याच्यामागे जीव द्यायची याची तयारी होती, पण तसं करायला बंदी होती, मग डोकं भादरून भिक्षू झाला आणि म्हातारपणी एका तरुण समुराईला हे सगळं सांगत बसला.

आता झेन, कारण सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. सेकिगाहारा जिंकून शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, झालेल्या तोकुगावा इएयासूच्या निशाणावर ‘मळलेल्या जगाचा त्याग, शुद्धभूमीची आस’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे अमिदा बुद्धाचा जोदो पंथ, झेन नव्हे. सरदार कातो कियोमासाच्या निशाणावर निचिरेन या आणखी एका बौद्ध पंथाचा मंत्र. सरदार ताकायामा उकोन तर ख्रिश्चन, धर्म सोडला नाही म्हणून १६१४ ला देशाबाहेर काढला आणि मनिलाला जाऊन वारला. (ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ ला कागोशिमात उतरले, तिथून ही धारा सुरू झाली.)

आणि माझा सगळ्यात आवडता, कुमागाई नाओझाने. कथेत येतं की ११८४ मध्ये समुद्रकाठी त्याने एका तरुणाला पाडलं, शिरस्त्राण काढून बघतो तर मुलगा आपल्या पोराच्या वयाचा, आणि कमरेला बासरी, ते दुःख सहन न होऊन तो भिक्षू झाला. कामाकुराच्या, म्हणजे तेव्हाच्या शोगुनच्या राजधानीच्या, बखरीत मात्र वेगळं आहे, ११९२ मध्ये नात्यातल्याच माणसाशी जमिनीच्या हद्दीवरून वाद, शोगुनसमोर सुनावणी, याला धड बोलता येईना, चिडून कागद फेकले आणि तिथेच केस कापून निघून गेला. बांधावरची भांडणं पाहिलेल्या आपल्या माणसाला हे लगेच पटेल. कारण कुठलंही असो, तो शिष्य झाला तो होनेनचा, जो म्हणायचा फक्त अमिदाचं नाव घ्या. झेनचा नाही.

प्रसिद्ध तलवारबाज मुसाशीचं नाव घालतात तर त्याने स्वतःच आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की बौद्ध आणि कन्फ्युशियन जुनी वचनं उसनी घेणार नाही. धनुर्विद्या म्हणजे झेन हे तर हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाचं, त्याचे गुरू आवा केन्झो यांनी झेनची साधना केलेली नव्हती.

मग समुराई आणि झेनचा संबंधच नाही का? आहे ना, आणि तो खरा आहे म्हणूनच त्याचं पोस्टर झालेलं बघवत नाही. ताकुआन या झेन भिक्षूने शोगुनच्या तलवारगुरूला, याग्यू मुनेनोरीला, लिहून दिलं की मन समोरच्याच्या तलवारीवर अडकलं की तू गेलास, आपल्या तलवारीवर अडकलं तरी गेलास, कुठेच थांबू देऊ नको. आणि कामाकुराचे होजो राज्यकर्ते तर चीनहून झेन गुरू बोलवायचे. त्यातल्या तोकिमुनेने मंगोलांच्या दोन्ही स्वाऱ्या परतवल्या आणि १२८२ मध्ये एंगाकुजी बांधलं, ते लढाईत मेलेल्यांसाठी, आपल्या आणि मंगोलांच्याही. ते मंदिर आजही आहे, किता-कामाकुरा स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच.