आधी 'द' तपासा, मग सांत्वन करा

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज आला, 'अण्णा एक्स्पायर्ड इन यस्टरडे नाइट'. अण्णा म्हणजे तिचे थोरले दीर. धडाधड हात जोडलेले यायला लागले, कोणी भावपूर्ण श्रद्धांजली टाकली, कोणाकडे तेवढापण वेळ नव्हता त्याने आरआयपी टाकलं. मी काय केलं? शांतपणे एक चांदणी टाइप केली आणि पुढे लिहिलं 'लास्ट नाइट'. बस्स. आता तिथे 'इन' लागत नाही आणि यस्टरडे नाइट असं कोणी म्हणत नाही ही माहिती काय अण्णांच्या तेराव्यापर्यंत दाबून ठेवायची? मग पाठोपाठ हात जोडले, तुम्हीपण जोडत जा, माणुसकी सोडून चालत नाही.

तर तुम्हालाही लोकांचं इंग्रजी सुधारायचं असेल तर पहिली गोष्ट, माणूस बघून सुधारा. साहेबांनी मेल केला, 'लेट अस डिस्कस अबाउट धिस, बिटवीन यू अँड आय', म्हणजे एका ओळीत दोन चुका, डिस्कसला 'अबाउट' लागत नाही आणि बिटवीनच्या पुढे 'आय' येत नाही 'मी' येतो, तरी तुम्ही फक्त 'श्युअर सर' एवढंच लिहायचं. व्याकरण हुद्द्याप्रमाणे बदलतं हो. पण तेच परवा जॉइन झालेलं पोरगं मीटिंगमध्ये उभं राहून 'मायसेल्फ सचिन' म्हणालं रे म्हणालं की तिथेच थांबवायचं, 'आय ॲम सचिन' तीनदा म्हणून घ्यायचं, तो पुढे सर्व्हर का पडला ते सांगणार होता ते नंतर कधीतरी ऐकू.

बाय द वे हा 'आय' आणि 'मी'चा घोळ मला फार आवडतो, कारण इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला' आणि आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'आय', त्यात शाळेत 'मी अँड सुनील वेंट' म्हटलं म्हणून इतके फटके खाल्लेत की माणूस मोठेपणी 'मी'ला हातच लावत नाही, जिथे हवा तिथेपण 'आय' घुसवतो आणि वर सूट घातल्यासारखा बघतो.

आर्टिकलचं तर सोनंच आहे. मराठीत हा प्रकारच नाही, 'कुत्रा आला' म्हटलं की कुठला कुत्रा ते ऐकणाऱ्याचं ऐकणारा बघून घेतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण काढलं, तेव्हापासून 'द'वाचून आपलं काही अडलेलं नाही. म्हणूनच इथे गिऱ्हाईक भरपूर. पंचगंगेला 'द' लागतो, रंकाळ्याला लागत नाही. सह्याद्रीला लागतो, त्यातल्याच कळसूबाईला नाही. का ते सांगायचं नाही! नदीला आणि डोंगररांगेला लागतो, तळ्याला आणि एकट्या शिखराला नाही, एवढं सोपं करून सांगितलं तर लोक शिकतील आणि मग तुम्ही काय करणार? पोलीस स्टेशनात गेलात तर पीएसआयला 'अ' आणि एपीआयला 'ॲन'. आमदाराच्या मागेपण 'ॲन', कारण एमएलएचा उच्चार 'ए'ने सुरू होतो, अक्षर नाही, उच्चार बघायचा असतो. हे तुम्हाला माहीत नसेल तरी बिघडत नाही, 'एम व्यंजन आहे, अ एमएलए लिही' असं ठासून सांगा, समोरचा बरोबर असूनही खोडून टाकतो. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे केलंय.

आता प्रिपोझिशन. आपला एक 'ला' पुण्याला जातो, पुण्याला राहतो, पाचला येतो, रमेशला बोलावतो आणि वर मला तापपण येतो, एवढी कामं एका पगारात करतो. तिकडे प्रत्येक कामाला वेगळा माणूस. साहजिकच आपली माणसं 'अँग्री ऑन मी' म्हणतात कारण आपण माणसावर चिडतो, आणि 'मॅरीड विथ' म्हणतात कारण लग्न कोणाशी तरी होतं. यावर जोरात हसायचं. पण त्यांनी उलट विचारलं की रिक्षात 'इन' आणि एसटीत 'ऑन' का, मग लोकलच्या दारात लटकलेला माणूस नक्की कशात, तर चटकन विषय बदला. फारच अंगावर आले तर देश बदलायचा, 'ॲट द वीकेंड' म्हणाले तर अमेरिकेत 'ऑन' म्हणतात म्हणायचं, 'ऑन' म्हणाले तर साहेबाच्या देशात 'ॲट'.

'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर टिफिन' असं कोणी लिहिलं तर 'एव्हरीवन' एकवचनी आहे म्हणून तुटून पडा. एकट्या माणसासाठी 'दे' लिहिलेलं ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांना १३७५ सालापर्यंत मागे सापडलंय, पण ते सांगत बसू नका, साडेसहाशे वर्षं चूक चालली म्हणून आपण चालवायची का?

एकच जागा जपा, 'वी'. इंग्रजीत 'वी आर गोइंग फॉर लंच' म्हटलं की आपण त्यात आहोत का नाही ते कळतच नाही, मराठीत 'आपण जेवायला जाऊ' आणि 'आम्ही जेवायला चाललोय' यात तुमचं ताट आहे की नाही हे लगेच समजतं. सध्या ऑफिसात मला सगळे 'आम्ही'च म्हणतात. सचिनपण.

तर अण्णांचं सगळं उरकल्यावर मावशीचा फोन आला, बँकेला इंग्रजीत अर्ज लिहायचा होता. ही पाचवीत एबीसीडी शिकलेली पिढी, २००० सालानंतरच्या पोरांसारखं पहिलीपासून इंग्रजी नव्हतं त्यांना, आणि नंतर तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं तिने. मी मोठ्या मनाने म्हटलं, 'मावशी, टेन्शन घेऊ नको, मी तुझी मदत करेन.'

'तुझी नाही रे, तुला. तुला मदत करीन. तुझी मदत हे हिंदी झालं,' मावशी म्हणाली. 'आणि करेन नाही, करीन. बरं, लिही आता.'

'श्युअर मावशी.'